पाहुणा अजून गेलेला नाही

नासावुलेवू,
सोमवार, २४ मे १९९३

नासावुलेवूच्या मातीत ज्यांची नाळ पुरली आणि सुवाच्या डांबरावर ज्यांच्या चपला झिजल्या, अशा माझ्या सर्व बंधूंनो आणि भगिनींनो,

आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे. आपल्याला सांगून कुणी जात नाही. सरकार नदी चढून येतं, रस्त्याची मोजणी करतं आणि न सांगता जातं. लाकूडवाले येतात, आपल्या झाडांवर लाल पट्टे ओढतात आणि न सांगता जातात. जगाच्या इतिहासात साम्राज्यं बुडाली ती तलवारीनं नव्हे. जाणाऱ्यानं उंबऱ्यावर थांबून "येतो" म्हणायचं सोडलं, त्या दिवशी ती बुडाली.

किटिओने, हे पत्र तुला एकट्यालाच आहे. पण एकाच माणसाला उद्देशून बोलायला लागलो की माझा श्वास नीट भरत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आता मुद्दा. तू पाठवलेला डेन्मार्कचा तोर्बेन ११ तारखेला नावेनं वर आला. तुझ्या छापील कागदावरचे आठही नियम त्यानं पाळले. टोपी काढली, गॉगल काढला, गुडघे झाकायला सुलू गुंडाळला, आणि धक्क्यावर पाय ठेवताच ती पाठीवरची अवाढव्य पिशवी उतरवून दोन्ही हातांत धरली. आपल्या गावातून खांद्यावर ओझं घेऊन चालायचं नाही, हे त्यानं असं मनावर घेतलं की तीस किलोची पिशवी पोटाशी धरून तो आमच्या घरापर्यंत बाळंतिणीसारखा चालत आला. गावचे मुख्य म्हणून तुझे मामा बसले होते; त्या तुरांगांपुढे त्यानं कुटून प्यायचं यांगोनाचं मूळ ठेवलं. तुरांगांच्या वतीनं बोलणं हे माझ्या घराण्याचं काम, म्हणून मी वीस मिनिटांत त्याचा स्वीकार केला. शेवटी तीन टाळ्या वाजवायच्या असतात. त्यानं बराच वेळ वाजवल्या, पण भावना चांगली होती.

तीन दिवस तो आमच्या घरी राहिला. चौथ्या दिवशी पहाटे, तू काढलेल्या त्या नव्या जंगलवाटेनं, तुझा डोंगरापलीकडचा वाटाड्या त्याला कड्यावरून घेऊन गेला. आधीचे सगळे पाठपिशवीवाले नदीनं यायचे आणि नदीनंच जायचे. धक्क्यावर मी त्यांना अडवायचो, निरोपाचं मूळ घ्यायचो आणि मोकळं करायचो. कड्यावर मी नसतो.

तोर्बेननं निरोप मागितला नाही. म्हणजे तो गेलेला नाही. त्याचे पाय गेले आहेत. पाहुणा इथेच आहे. इतर गावांत काय चालतं ते मला सांगू नकोस. आपल्या गावची रीत अशी की पाहुणा गावात असताना तुरांगा गाव सोडून नदी ओलांडत नाहीत.

आणि तुझ्या मामाच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकले आहेत, किटिओने. काल त्यांनी पाद्रीबुवांना बायकोचं नाव घेऊन हाक मारली. ६ सप्टेंबरला सुवाच्या मोठ्या इस्पितळात परदेशी डॉक्टर पाच दिवसांसाठी येताहेत. यादीत मामांचं नाव लागलं आहे. पुढची खेप दोन वर्षांनी. नर्सबाई म्हणाल्या, दोन वर्षांनी कापायला डोळा उरणार नाही.

तुझा पाहुणा शोध. त्याला निरोप मागायला लाव.

तुझा मेव्हणा,
सेतारेकी

ता. क. भाऊ, मी उनाइसी. हे त्या परदेशी मुलाचं ताट रोज वाढायला लावतात. दोन अळकुड्या, एक मासा, वर पालेभाजी. ताट रिकामं होतं. कोण खातं ते विचारू नकोस. यांचा सुलू आता कमरेला पुरत नाही.


सुवा,
३ जून १९९३

दाजी,

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं. सुट्टी संपली तेव्हा तुम्ही साम्राज्यांपर्यंतच पोचला होतात. पुढचं संध्याकाळी वाचलं.

तोर्बेन गेला हो. मी स्वतः त्याला विमानतळाच्या बसमध्ये बसवलं. तुमच्या भाषणाबद्दल त्यानं मला विचारलं, "तो माणूस माझ्यावर एवढा का रागावला होता?" मी म्हटलं, "तो तुझं स्वागत करत होता." त्यानं वहीत लिहून घेतलं.

निरोप तुमच्याच तोंडून दिला जातो ना? मग तोंड उघडा आणि दिला म्हणून जाहीर करा. तुमचं तोंड उघडायला आजवर कुणाला विनंती करावी लागलेली नाही. नाहीतर मामाला सांगा, पोरगा काल संध्याकाळी निरोप घेऊन गेला. त्यांना दिसत नाही. कोण आलं, कोण गेलं, त्यांना काय कळणार?

निरोप मागायचा नववा नियम कागदावर का नाही, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन ओळींच्या मधे ते दिसतं. कागदावर जागा उरली नव्हती. दुसरं काही नाही.

मामाला सांगा, मी विचारत होतो. नको, सांगू नका.

किटिओने


नासावुलेवू,
१७ जून १९९३

मेव्हण्या,

जगातली प्रत्येक लबाडी "त्यांना दिसत नाही" या वाक्यानं सुरू झालेली आहे. राजांनी प्रजेबद्दल हे म्हटलं, सावकारांनी कुळांबद्दल म्हटलं, आणि आज माझा सख्खा मेव्हणा आपल्या मामाबद्दल म्हणतो.

तरीही तू सुचवलंस म्हणून मी गेलो. उनाइसीसाठी गेलो असं समज. मामांपुढे बसलो आणि म्हणालो, "तुरांगा, पाहुणा निघून गेला असं मानायला हरकत नसावी."

मामा म्हणाले, "कुठे गेला? आत्ता खोकला की."

"तो मी खोकलो, तुरांगा."

"तू बोलतोस, सेतारेकी. तू कधी खोकत नाहीस. खोकायला तुला मधे थांबावं लागेल."

ते रोज संध्याकाळी तोर्बेनच्या चटईसमोर बसतात. नदीत पाणी किती आहे, रानडुकरांनी कुणाची अळकुडी उकरली, सगळं सांगतात. उठताना म्हणतात, "गुणी पोरगा आहे. मधे बोलत नाही." असं म्हणताना ते माझ्या दिशेनं पाहतात. दिशा मात्र त्यांना अचूक सापडते.

आता नवी अडचण ऐक. महिन्यावर राहिलेला पाहुणा गावच्या कामाला येतो. ११ जूनला तोर्बेनला महिना भरला. म्हणून सोमवारच्या गवतकापणीत त्याचं नाव पुकारलं. आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. बैठकीत म्हातारा मोसेसे उखडला: "ताट दोन वेळा रिकामं होतं आणि विळा एकदाही हातात नाही. हा कसला पाहुणा?" मी गप्प बसलो. ताटाचा विषय नाजूक आहे. अखेर मामांनीच बाजू घेतली: "त्याला आपली हवा मानवत नसेल. सक्तीनं विळा दिला आणि पोरानं पाय कापून घेतला, तर त्याच्या आईला काय सांगायचं?"

तेव्हा सगळ्यांना आठवलं की त्याला आई असणार. पाहुण्यांच्या वहीत त्याचा पत्ता आहे. मी तिला लिहिलं आहे. अकरा पानं झाली, पण ती आई आहे, वाचेल.

सेतारेकी


डेन्मार्क,
४ जुलै १९९३

आदरणीय श्री. सेतारेकी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला बसावं लागलं, कारण "तुमचा मुलगा अजूनही आमच्यात आहे" हे वाक्य आमच्याकडे पाद्री मयतीला म्हणतात. तोर्बेन तेव्हा माझ्या समोर बटाटे सोलत होता. मी त्याला हात लावून पाहिलं.

रविवारी त्यानं दोन मासे खाल्ले, असं तुम्ही लिहिता. त्याला मासे आवडत नाहीत. लहानपणापासून नाही. तुमच्याकडे तो मासे खातो याचं मला थोडं वाईट वाटलं, खरं सांगते.

बाकी तुमची तक्रार रास्त आहे. न सांगता निघून जाणं हे त्याच्या वडिलांकडून आलं आहे. मी त्याला खडसावलं. तो म्हणतो, कागदावर आठ नियम होते आणि त्यानं आठही पाळले; नववा असता तर तोही पाळला असता. तो खोटं बोलत नाही. आळशी मात्र आहे, म्हणून गवताबद्दल मी त्याच्या वतीनं माफी मागते. घरीही कापत नाही.

त्याला परत पाठवायला विमानभाडं नाही, आणि त्याची कॉलेजची परीक्षा आहे. तुमच्या मुख्यांच्या डोळ्यांचं वाचून मला झोप लागली नाही. मूळ द्यावं लागतं असं तुम्ही लिहिलंत. तुमचं ते झाड इथे उगवत नाही. आमच्या परसात जे सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत जुनं मूळ होतं, ते मी खणून, वाळवून, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून पाठवते आहे. मोजेही ठेवून घ्या.

तुमची,
इंगर म्योलगार

ता. क. त्याच्या ताटात पालेभाजी वाढता, त्याबद्दल आभार.


नासावुलेवू,
५ ऑगस्ट १९९३

मेव्हण्या,

डेन्मार्कचं मूळ पोचलं. त्यावर तीन तास बैठक झाली.

मोसेसेचं म्हणणं, मूळ ते मूळ. देवानं यांगोना आपल्याला दिला, त्यांना हे दिलं. पाद्रीबुवांचं म्हणणं, आईनं मुलाच्या वतीनं मागितलेला निरोप धर्मग्रंथात कुठे आढळत नाही, पण नाही असंही आढळत नाही. मी म्हणालो, बंधूंनो, वाद कशाला, कुटून पाहू. रीतीप्रमाणे कुटलं, पाण्यात कालवलं, गाळलं. पहिली वाटी मामांना. मामा प्यायले.

किटिओने, मी चाळीस वर्षांत तुझ्या मामाला रडताना पाहिलं नव्हतं. तुझी आई गेली तेव्हाही नाही. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मग मोसेसेच्या. मग ओळीनं सगळ्यांच्या. माझ्या नाकातून मेंदूपर्यंत एक तापलेली सळई गेली आणि मी बोलत होतो त्या वाक्याचं क्रियापद आजपर्यंत मला सापडलेलं नाही. शेजारच्या पाड्यावरचे लोक रडण्याचा आवाज ऐकून चटया घेऊन सांत्वनाला आले. त्यांना जेवू घालावं लागलं.

श्वास परत आल्यावर निर्णय झाला: ज्या मुळानं सगळं गाव रडतं, ते मयतीचं मूळ. जिवंत माणसाच्या निरोपाला ते चालत नाही. तोर्बेनच्या आईला आभाराचं पत्र लिहिलं. मोजे मामांनी घातले आहेत.

आता एकच मार्ग उरला. पाहुणा ज्यानं आणला, तो त्याची जीभ. तू ये. तोर्बेनच्या जागी बस, तुरांगांपुढे मूळ ठेव आणि त्याच्या वतीनं निरोप माग. एका दुपारचं काम आहे. गेली कित्येक वर्षं तू पाठपिशवीवाल्यांना खालच्या वळणापर्यंत आणतोस, नावेत बसवतोस आणि तिथूनच माघारी फिरतोस. वळणापासून गाव दिसतं, किटिओने. तिथून उनाइसीला तुझा सदरा दिसतो. ती सांगते, यंदा निळा होता.

सहा सप्टेंबरला महिना उरला आहे.

सेतारेकी


सुवा,
१२ ऑगस्ट १९९३

दाजी,

हसून हसून पोट दुखलं. मग शेवटचा परिच्छेद वाचला.

मी येऊ शकत नाही. कारण सांगतो. तुम्ही हे उनाइसीला वाचून दाखवाल हे ठाऊक आहे, दाखवा.

मी तोर्बेनच्या वतीनं निरोप मागायला बसणार कसा? मी स्वतः कधी मागितला? सात वर्षांपूर्वी पुराच्या दिवसांत, मामाची नाव न विचारता घेऊन निघालो होतो. मोठ्या खळाळात नाव उलटली. नाव सापडली, इंजिन गेलं. सगळ्या गावानं तीन वर्षं अळकुडी विकून घेतलेलं इंजिन. मी पोहून काठाला लागलो, पण धक्क्यावर आलो नाही. कड्यावरून चढलो. तीच वाट, जिला मी आता जंगलवाट म्हणतो आणि परदेशी पोरांना दाखवतो. कड्यावर थांबून खाली पाहिलं. मामा नदीकाठानं मला हाका मारत फिरत होता. तो इंजिन शोधत नव्हता, मला शोधत होता. मी ओ दिली नाही.

कागदावर जागा होती, दाजी. अर्धं पान कोरं आहे. नववा नियम लिहायला तीनदा बसलो. जे आपण केलं नाही ते दुसऱ्याला करायला सांगायचं, हे तुमच्यासारख्या मोठ्या माणसांना जमतं, मला जमलं नाही.

त्यामुळे मामाचे डोळे माझ्यामुळेच अडलेत, हे मला कळतं. दुसरा काही मार्ग काढा. तुम्ही एवढं वाचलंय. कुठल्या तरी पुस्तकात असेल.

किटिओने


नासावुलेवू,
२० ऑगस्ट १९९३

मेव्हण्या,

उनाइसीला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तासभर बाहेर आली नाही. मग बाहेर येऊन म्हणाली, "त्या गाढवाला सांगा, तो वासू आहे."

मी पुस्तकं पालथी घालत होतो. रोमचे कायदे, फ्रान्सची क्रांती, सगळं. उत्तर चुलीपाशी होतं.

तू वासू आहेस, किटिओने. बहिणीचा मुलगा. मामाच्या गावात वासूनं ज्या वस्तूला हात लावला, ती त्याची. डुक्कर, चटई, नाव, काहीही. विचारायचं नाही, आणि ज्याची वस्तू गेली त्यानं चकार शब्द काढायचा नाही. सात वर्षांपूर्वी तू नावेला हात लावलास त्याच क्षणी इंजिन तुझं झालं. म्हणजे तू स्वतःचंच इंजिन बुडवलंस, आणि त्या दुःखात आम्हाला सोडून गेलास. बैठकीत मी हे मांडलं तेव्हा मोसेसे म्हणाला, "मग आपणच त्याच्या सांत्वनाला जायला हवं होतं. सात वर्षं झाली. आपलंच चुकलं." 

आता नीट ऐक, कारण हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत अचूक तर्कशास्त्र आहे. पाहुणा गावात असताना तुरांगांनी गाव सोडायचं नाही. मान्य. पण चोरीला गेलेलं डुक्कर गाव सोडून गेलं असं कुणी म्हणतं का? नाही. ते नेलं गेलं. तुरांगांनी जायचं नाही. तुरांगांना न्यायचं नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही.

शुक्रवारी, ३ सप्टेंबरला, भर दुपारी ये. विचारू नकोस, नमस्कार करू नकोस, बसू नकोस. आम्ही सगळे पाठ फिरवून बसू. मामाला उचल आणि ने.

मामांना मी काही सांगितलेलं नाही. फक्त एवढं म्हणालो की वासू येण्याचा संभव आहे. त्यांनी विचारलं, "काय न्यायला?" मी म्हटलं, "ठाऊक नाही, तुरांगा." ते म्हणाले, "काय मागेल ते दे." मग स्वच्छ मोजे मागितले.

सेतारेकी


सुवा,
१५ सप्टेंबर १९९३

दाजी,

तुम्ही सगळे पाठ करून बसला होतात, म्हणून काय झालं ते सांगतो. एकशे चाळीस पाठी मी एकदम कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांतल्या निम्म्या हसण्यानं हलत होत्या. उनाइसीची पाठ वेगळ्या कारणानं हलत होती. तिच्याजवळून गेलो, पण थांबलो नाही. थांबलो असतो तर उचलायला आलेली वस्तू विसरलो असतो.

मामा दारात बसला होता, आंघोळ करून, तेल लावून. मी त्याच्या खांद्याला हात लावला. तो म्हणाला, "कोण?" मी बोललो नाही, तुमचा हुकूम होता. त्यानं माझा हात चाचपला. अंगठ्यावरची कोयत्याची जुनी खूण बोटानं दोनदा तपासली आणि म्हणाला, "बरं. उचल."

पाठीवर घ्यायला वाकलो तर म्हणाला, "गावातून खांद्यावर ओझं नेतोस? कुणी वाढवलं तुला?" म्हणून दोन्ही हातांवर, पोटाशी. तो सहा फूट आहे, दाजी, आणि आमच्या घराण्यात कुणी बारीक नाही. धक्क्यापर्यंत चारदा खाली ठेवला. चारही वेळा तो ठेवला तिथे खांबासारखा उभा राहिला. मी हळूच म्हटलं, "मामा, चार पावलं चाल की." म्हणाला, "डुक्कर चालत जातं का? तसं गेलं तर त्याला पळालं म्हणतात. मग पाहुण्याचा अपमान." नाववाल्या वाइसालेनंही रीत पाळली आणि नावेत पाठ करून बसला. तसाच त्यानं इंजिन सुरू केलं आणि आम्हाला सरळ समोरच्या वाळूत घातलं.

खळाळापाशी आलो तेव्हा मामानं पाण्याचा आवाज ओळखला. म्हणाला, "इथे ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मोठा आवाज आहे. त्या दिवशी माझ्या हाका तुला ऐकू आल्या नसणार." मी म्हटलं, "आल्या होत्या, मामा." त्यानं पाण्यात हात घातला. मग म्हणाला, "मग ठीक. मला वाटायचं, मी पुरेसा मोठ्यानं ओरडलो नाही."

इस्पितळात कागद भरताना बाईंनी विचारलं, "रुग्ण स्वतः आले की कुणी आणलं?" मामा म्हणाला, "मला चोरून आणलंय." पोलीस बोलवावे लागले. पोलीस आपल्या खालच्या वळणाचाच निघाला. त्यानं मला विचारलं, "वासू?" मी मान हलवली. त्यानं टोपी काढली आणि गेला.

डोळे झाले. दोन्ही. पट्टी काढल्यावर मामानं आधी स्वतःचे मोजे पाहिले, "लाल आहेत होय" म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. म्हणाला, "तुझे केस पिकले की रे."

आता अडचण. तो माझ्या खोलीत आहे आणि परत जायचं नाव घेत नाही. "वासूनं नेलेली वस्तू स्वतःहून घरी जात नाही," म्हणतो. खिडकीत बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे रंग मला सांगतो. सुवातलं आपलं अर्धं गाव मुळं घेऊन भेटायला येतं. खोलीत चौदा माणसं झोपतात, मी स्वयंपाकघरात, स्टोव्हला पाय लावून. चार जाणती माणसं पाठवा आणि त्याला मागून घ्या.

किटिओने


नासावुलेवू,
शुक्रवार, २४ सप्टेंबर १९९३

किटिओने,

वासूनं नेलेलं मागून घेता येत नाही. तू हे विचारतोस याचंच नवल आहे. तू इंजिन नेलंस तेव्हा कुणी मागायला आलं होतं का?

आमची दशा ऐक. यांगोनाची पहिली वाटी तुरांगांची. ते नसल्यामुळे पहिली वाटी कुणी पीत नाही, म्हणून दुसरी नाही, म्हणून तिसरी नाही. एकवीस दिवस अख्खं गाव शुद्धीवर आहे. लोकांना जुनी भांडणं आठवायला लागली आहेत. मोसेसेनं काल एकोणीसशे एकसष्ट सालच्या कोंबडीचा विषय काढला. ज्यांच्या वतीनं मी बोलतो तेच इथे नाहीत, म्हणून मीही बोलत नाही. उनाइसी म्हणते, तिच्या संसारातला हा सर्वांत सुखाचा काळ आहे. पण परवा तिनं मला स्वतःहून विचारलं, "ते साम्राज्यांचं काय हो होतं?" तेव्हा समजलो, घरात काहीतरी फार बिघडलं आहे.

तोर्बेन आहे. बरा आहे. त्याला आता यजमान नाही, हे मात्र त्याला शोभत नाही आणि आम्हालाही.

तीन बैठका घेतल्या. मार्ग एकच निघतो. मामा तुझे झाले. तुझी वस्तू तुझ्या घरी राहणार, यात वाद नाही. मग तुझं घर कुठलं, एवढाच प्रश्न उरतो. माणसाचं घर कुठलं, यावर जगातल्या शहाण्यांनी किती शाई घालवली ते मी वाचलेलं आहे. एकानंही साधी गोष्ट विचारली नाही: तो तिथून निरोप घेऊन निघाला होता का?

तू घेतला नव्हतास.

आपल्या रीतीप्रमाणे तू गेलेलाच नाहीस, किटिओने. सात वर्षं तू याच गावात आहेस. गवतकापणीला आला नाहीस, त्याचं बघू. आईच्या घराचं छप्पर मोसेसेच्या मुलांनी दर पावसाळ्याआधी शाकारलं, कारण आत माणूस राहतो असंच सगळे धरून चालले. तुला मूळ आणावं लागणार नाही. स्वागताचं भाषण होणार नाही. जो गेलाच नाही त्याचं स्वागत कोण करतं? मी धक्क्यावर गप्प उभा राहीन, आणि ते माझ्यासाठी सोपं नाही, हे तू जाणतोस.

पाठपिशवीवाल्यांना आण. कितीही आण. पण त्यांना इथून घेऊन निघ, तुझ्या घरातून, आणि कड्यावर चढवण्याआधी माझ्यापुढे बसव.

शुक्रवारी, १ ऑक्टोबरला, दुपारी एक वाजता वाइसाले खाली नदीच्या तोंडाशी, नावुआच्या बाजारामागे नाव लावून उभा असेल. आधी मामाला बसव.

मग तू बस.

सेतारेकी